वरचं काडतूस

हॉलिस प्रूइट फेब्रुवारीत गेला, आणि मार्चच्या पहिल्या रविवारपासून हॅझल क्रीकच्या चर्चचं दार पहिलं भजन सुरू होताच आतून बंद व्हायला लागलं.

यात कुणाचा दुष्टपणा नव्हता. ठिकठिकाणी चर्चमध्ये गोळीबार होतात म्हणून विमा कंपनीचं पत्र आलं होतं. प्रार्थनेच्या वेळी दार उघडं ठेवायचं असेल तर पाळीपाळीने दाराशी कमरेला पिस्तूल लावून उभी राहणारी, नेमबाजीची चाचणी दिलेली चार माणसं हवीत. चार नसतील तर कडी लावा, असं त्यात लिहिलं होतं. हॉलिस होता तोवर चार होते. आता तीन उरले होते. मेच्या पहिल्या रविवारपर्यंत चौथा मिळाला नाही तर कडीच्या जागी आतून बंद होणारं कायमचं कुलूप बसवायचं, असा ठराव मंडळाने केला.

ठराव वाचून झाला तेव्हा मागच्या बाकावरून रोवीना उठली आणि म्हणाली की चौथी मी.

रोवीना ही हॉलिसची एकुलती मुलगी. वय त्रेचाळीस, काउंटीच्या वाचनालयात नोकरी. घटस्फोट झाल्यावर चार वर्षांपूर्वी ती आईवडिलांच्या घरी परत आली होती. तिच्या वयाच्या निम्म्या बायकांच्या पर्समध्ये पिस्तूल असे, पण रोवीनाने आयुष्यात कधी ते हातात घेतलं नव्हतं, आणि हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. त्यामुळे खोलीत थोडा वेळ नुसती बाकं करकरली.

दाराच्या पथकाचे प्रमुख ब्रदर डेल्बर्ट स्टॅम्प्स सत्तरीचे होते. जन्मभर त्यांनी कोंबडीच्या खाद्याचं दुकान चालवलं होतं आणि हॉलिसशी त्यांचं तीस वर्षं बरं जमलं होतं. ते मऊ आवाजात म्हणाले, "रोवीना, हनी, तिथे कुणी पुस्तक उशिरा आणलं म्हणून दंड करायचा नसतो."

लोक हसले. रोवीनाही थोडी हसली. मग तिने विचारलं, चाचणी कधी आहे?

हॉलिसने अकरा वर्षं ते दार उघडं ठेवलं होतं. हिवाळ्यात थंडी आत येते म्हणून म्हाताऱ्या कुरकुरायच्या, तरी तो ऐकत नसे. वेळेवर येणाऱ्यांचं मुळात बरं चाललेलं असतं, असं त्याचं म्हणणं होतं. ज्याचं बरं नाही तो उशिरा येतो, आणि त्याने कडी वाजवावी लागली तर तो तसाच परत फिरतो. रोवीनाने बैठकीत यातलं काही सांगितलं नाही. सांगायला गेली असती तर आवाज फुटला असता, आणि मग तिला चौथं माणूस म्हणून कुणीच धरलं नसतं.

पिस्तूल घरातच होतं. हॉलिसच्या कपाटात, वरच्या कप्प्यात, लोखंडी पेटीत. आई, लव्होन, हिने पेटीची किल्ली टेबलावर ठेवली आणि पुन्हा कांदे चिरायला लागली.

वस्तू म्हणून ते देखणं नव्हतं. तळहातावर मावेल एवढं, काळं, सपाट. दहा गोळ्यांचं मॅगझिन मुठीत बसायचं आणि मूठ इतकी आखूड होती की करंगळीला जागाच उरत नसे. वरचा सरकता भाग, ज्याला सगळे स्लाइड म्हणत, त्याच्या कडा गोल घासलेल्या होत्या. शर्टात अडकू नयेत म्हणून. निशाणाचे ठिपकेही बुटके होते. त्यात दिखाऊ असं काही नव्हतं. दिवसभर अंगावर असून कुणाला दिसू नये, आणि बसताना, गाडी चालवताना, गवताचे भारे उचलताना अंगाला टोचू नये, एवढ्याच हिशोबाने ते बनवलेलं होतं. रोवीनाने ते हातात घेतलं तेव्हा डॅडीच्या उजव्या कमरेच्या हाडाचा बाक तिला त्या सपाटपणात कळला. होल्स्टरच्या, म्हणजे कमरेला लावायच्या त्याच्या म्यानाच्या, आतल्या बाजूला घामाचा पांढरा डाग होता.

डेल्बर्ट चाचणीच्या दोन दिवस आधी घरी आले. सोबत त्यांचं स्वतःचं मोठं पिस्तूल होतं, लांब नळीचं, वजनदार. त्यांचा सल्ला प्रामाणिक होता. चाचणी याने दे, म्हणाले, हे धक्का कमी देतं, नेम सोपा लागतो. आम्ही सगळ्यांनी मोठ्यानेच दिली. पास झालीस की मग कमरेला काय लावायचं ते लाव.

"डॅडींनी कशाने दिली होती?" रोवीनाने विचारलं.

डेल्बर्ट जरा वेळ टोपीची कड फिरवत राहिले. "हॉलिसचं वेगळं होतं."

"मग मीही त्यानेच देईन."

"छोटं पिस्तूल चालवायला मोठ्यापेक्षा अवघड असतं, पोरी. लोकांना उलटं वाटतं. बायकांना तर दुकानदार मुद्दाम छोटं विकतात, गोंडस दिसतं म्हणून."

"मला गोंडस नाही दिसत ते," ती म्हणाली. "पण दाराशी माझ्या कमरेला तेच असणार. ज्याने चाचणी दिली ते घरी, आणि जे कधी नीट चालवलं नाही ते कमरेला, याला काय अर्थ आहे?"

चाचणी तीस गोळ्यांची होती. तीन पावलांवरून सुरुवात, शेवटच्या दहा गोळ्या पंधरा पावलांवरून. कागदावरच्या बाटलीच्या आकारात पंचवीस तरी आत पाहिजेत. एप्रिलच्या तिसऱ्या शनिवारी, मर्ल ऑस्बॉर्नच्या नेमबाजीच्या मैदानावर, तिघा पुरुषांसमोर रोवीनाच्या बावीस आत गेल्या. बाहेर गेलेल्या आठही एकाच बाजूला, खाली डावीकडे. स्लाइड ओढताना तिचा हात दोनदा घसरला आणि अंगठ्याचं कातडं निघालं. डेल्बर्ट काही लागेल असं बोलले नाहीत. बावीस काही कमी नाहीत, म्हणाले, पहिल्या वेळेला. त्यांचा तो दयाळूपणा तिला अंगठ्यापेक्षा जास्त झोंबला. त्यांनी मनात कुलपाचा भाव काढून ठेवलेला होता, हे तिला दिसत होतं. दोन आठवडे उरले होते आणि चाचणी आणखी एकदाच द्यायला मिळणार होती.

बाकीचे गेल्यावर मर्ल तिथेच राहिला. मर्ल बंदुका दुरुस्त करायचा. वय पंचाहत्तर, एका कानाने बहिरा, हॉलिसचा शाळेपासूनचा मित्र. रोवीना त्याला लहानपणापासून अंकल मर्ल म्हणे. त्याने तिचा कागद उचलून उन्हात धरला.

"खाली डावीकडे," तो म्हणाला. "म्हणजे नेम चुकत नाहीये, तू आवाजाला भितेस. आवाज व्हायच्या आधीच हात दचकतो. तुझ्या बापाचंही पहिल्या वर्षी असंच होतं."

"खोटं."

"देवाशपथ. मांजराच्या शेपटीवर पाय पडल्यासारखा उडायचा."

त्या दिवसापासून वाचनालय बंद झालं की साडेपाचला ती मर्लच्या मैदानावर जाई. मर्ल तिच्याकडे पाठ करून मॅगझिन भरायचा आणि खऱ्या गोळ्यांमध्ये एकदोन नकली, बिनदारूच्या, मिसळून द्यायचा. नकली कधी येणार हे तिला कळत नसे. चाप ओढला, आवाज झाला नाही, आणि तरी पिस्तुलाचं तोंड खाली मान घालून वाकलं, की तिची भीती दोघांना उघडी दिसायची. पहिल्या दिवशी ते दरवेळी वाकलं. मर्ल एकदाही ओरडला नाही. तो फक्त म्हणायचा, "परत."

स्लाइडची युक्तीही त्यानेच दाखवली. छोट्या पिस्तुलाची स्प्रिंग जास्त कडक असते, नुसत्या बोटांनी ओढायला जाशील तर हरशील. ते छातीशी आण, डाव्या हाताने वरून पूर्ण मूठ वळ, आणि वरचं मागे ओढण्याऐवजी उजव्या हाताने खालचं पुढे ढकल. ताकद बोटांत नसते, खांद्यात असते. तिने दीडशे वेळा तरी केलं. करंगळी मुठीखाली दुमडून घट्ट दाबायची, तिला हवेत लोंबकळू द्यायची नाही, हे तिला स्वतःलाच सुचलं. मर्लने ते पाहिलं आणि स्वतःच्या करंगळीने करून बघितलं. आठव्या दिवशी नकली गोळीवर पिस्तूल जागचं हललं नाही. मर्लने सिगारेट पेटवली, आणि तिने ओळखलं की ही त्याची शाबासकी.

चाचणीच्या आदल्या गुरुवारी एक गोष्ट झाली.

सरावासाठी ती मर्लच्या स्वस्त गोळ्या आणि दुसरं मॅगझिन वापरायची. हॉलिसच्या शेवटच्या दिवसातलं मॅगझिन, त्याने कमरेला लावलेलं, तसंच भरलेलं पेटीत होतं. मर्ल म्हणाला की स्प्रिंग एकदा मोकळी करून बघू, घेऊन ये. तिने बाकावर एकेक काडतूस अंगठ्याने सारून काढलं आणि सवयीने, वाचनालयात पुस्तकं लावावीत तशी, सगळी ओळीने उभी केली. दहा काडतुसं. नऊ सारख्या उंचीची होती. सगळ्यात आधी काढलेलं, मॅगझिनमधलं सर्वांत वरचं, नखाच्या जाडीएवढं बुटकं होतं.

मर्लने ते चिमटीत धरलं. मग चष्मा लावला. मग मोजायचं हत्यार आणलं, मोजलं आणि पुन्हा एकदा मोजलं.

"हे तू नळीत घातलं होतंस?"

नाही, ती म्हणाली.

"घालू नकोस. गोळी कवचात आत ढकलली गेलीय. जागा कमी झाली की आतला दाब वाढतो. हे उडवलं असतंस तर कदाचित काही झालं नसतं. कदाचित पिस्तूल हातात फुटलं असतं."

हे कसं होतं तेही त्याने सांगितलं. माणूस रोज घरी आला की पिस्तूल रिकामं करतो. मॅगझिन काढतो, स्लाइड ओढतो, नळीतलं काडतूस बाहेर पडतं. ते उचलतो आणि परत वर सरकवून ठेवतो. सकाळी स्लाइड सोडतो, तेच काडतूस धाडकन आत जातं, आणि दरवेळी गोळीचं नाक आतल्या उतारावर आपटतं. एकदा आपटून काही होत नाही. रोज आपटलं की ती केसाकेसाने आत जाते. म्हणून ते वरचं काडतूस बदलत राहायचं असतं. रोज पिस्तूल लावणाऱ्या माणसांचीच ही चूक. जो वर्षात एकदा लावतो त्याच्याकडून ती होतच नाही.

"आणि सगळ्यात मजा म्हणजे," मर्ल म्हणाला, पण त्याला मजा वाटत नव्हती, "इथे शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला हॉलिस हेच बजावायचा. कुठल्या गाढवाने घरी रोज रिकामं करायला सांगितलं होतं त्याला? होल्स्टरसकट पेटीत ठेवायचं, कुलूप लावायचं, संपलं. वीस वर्षं तो तसंच करत होता."

रोवीनाला उत्तर माहीत होतं.

मर्लने पकडीने ती गोळी उपसली, आतली दारू मातीत ओतून पायाने पसरली आणि रिकामं कवच भंगाराच्या डब्यात टाकलं. ते आठवण म्हणून मागावं असं तिला क्षणभर वाटलं. तिने मागितलं नाही.

जेवताना तिने आईला विचारलं की डॅडी रोज संध्याकाळी धुण्याच्या खोलीत काय करायचे. लव्होनने बटाट्याचं भांडं तिच्याकडे सरकवलं. रिकामं करायचा, म्हणाली. जेवण झालं की, रोज. तू आलीस त्या आठवड्यापासून.

चार वर्षांपूर्वीची ती संध्याकाळ रोवीनाला आठवत होती. म्हणजे दोन बॅगा आठवत होत्या, आणि आपण दमलेलो, चिडलेलो होतो हे. ज्या छपराखाली भरलेलं पिस्तूल आहे तिथे मला झोप येणार नाही, असं ती म्हणाली होती. दुसऱ्या दिवशी ती ते विसरली. त्यानंतर रोज संध्याकाळी येणारा तो बारीक खटका तिला जाळीच्या दाराचा वाटायचा.

"मी एकदाच म्हणाले होते, मॉमा."

"त्याला एकदाच पुरलं," लव्होन म्हणाली.

"मला सांगितलं असतं तर मी म्हणाले असते की राहू दे."

"म्हणून तर नाही सांगितलं." लव्होनने पेला उचलला आणि न पिता खाली ठेवला. "आणि तुला बरं वाटावं म्हणून मी काही बोलणार नाही. सगळ्यांना शिकवायचा आणि स्वतः तेच करायचा. मी सांगितलं असतं तर म्हणाला असता, लव्होन, तू तुझी शिलाई बघ."

दोघी हसल्या.

जे बोलून गेलो ते मागे घ्यायला माणूस समोर लागतो. तो नव्हता. पण त्या रात्रीसाठी पिस्तुलाचं काय करायचं हे ठरवणं तिच्या हातात होतं, आणि तिने ठरवलं. मर्लने दिलेली नवी काडतुसं भरली, एक नळीत सोडलं, मॅगझिनमध्ये त्याच्या जागी दुसरं घातलं. पिस्तूल होल्स्टरमध्ये बसवलं आणि होल्स्टरसकट पेटीत ठेवून कुलूप लावलं. पेटी तिने वडिलांच्या कपाटात परत ठेवली नाही. ती स्वतःच्या पलंगाशेजारच्या कप्प्यात ठेवली. चार वर्षं ती शांत झोपली होती ती वडील रोज पिस्तूल रिकामं करत होते म्हणून, आणि आता जागी राहिली तरी चालणार होतं.

शनिवारी ऊन स्वच्छ होतं. वारा नव्हता. डेल्बर्टनी मोठं पिस्तूल पुन्हा गाडीतून काढून बाकावर ठेवलं होतं, उगाच. तिने त्याच्याकडे पाहिलं, आभार मानले, आणि कमरेचा शर्ट डाव्या हाताने वर उचलून वडिलांचं बाहेर काढलं.

तीन पावलांवर सगळ्या आत. सात पावलांवर एक गेली, खाली डावीकडे. तिने पिस्तूल खाली घेतलं, करंगळी सैल झाली होती ती पुन्हा दुमडली, श्वास सोडला. पंधरा पावलांवर ते ठिपके इतके बुटके आणि जवळजवळ दिसतात की केसभर हललं तर कागदावर वीतभर फरक पडतो. तिने घाई केली नाही. वेळेची मर्यादा होती आणि तिने ती शेवटच्या सेकंदापर्यंत वापरली. त्या दहांपैकी तीन बाहेर गेल्या.

डेल्बर्टनी कागद दोनदा मोजला. पेन्सिलीने प्रत्येक भोकावर खूण केली.

"सव्वीस," ते म्हणाले.

मर्लने विचारलं, "डेल्बर्ट, तुझे किती होते रे?"

"तो मुद्दा नाहीये."

"मोठ्या पिस्तुलाने."

"सव्वीस," डेल्बर्ट म्हणाले, आणि त्यांची मान लाल झाली तरी कागद त्यांनी नीट घडी घालून खिशात ठेवला. मग रोवीनाकडे वळून आवाज खाली आणला. गोळ्या मारता येणं हा यातला सगळ्यात छोटा भाग आहे, म्हणाले. दाराशी उभं राहून माणसाचे हात बघायचे असतात. एखादा आला आणि त्याच्या हातात खरंच काही असलं, तर तू काय करशील हे मला या कागदावरून कळत नाही.

"मलाही कळत नाही," रोवीना म्हणाली. "तुम्हाला स्वतःबद्दल कळतं?"

"नाही," डेल्बर्ट म्हणाले. "उद्या साडेनऊला ये. मला साडेनऊ म्हणजे साडेनऊ लागतात."

अडचण एकच उरली, ती कपड्यांची. रविवारी चर्चमध्ये रोवीना कायम स्कर्ट घालायची, आणि बायकांच्या स्कर्टला पट्टा अडकवायची सोय कुणी करत नाही. लव्होनने शनिवारी दुपारीच मशीन काढलं. जाड कापडाच्या पट्ट्या दुहेरी शिवून तिने निळ्या स्कर्टला सहा अडकवण्या लावल्या, उजवीकडच्या दोन जवळजवळ, वजन तिथे येणार म्हणून. पट्टा घालून तिला आरशासमोर उभं केलं, वरच्या जॅकेटची शिवण अर्ध्या इंचाने सैल केली, आणि बस, वाक, हात वर कर, असं तीनतीनदा करायला लावलं. दिसत नाही, म्हणाली शेवटी. आणि तोडलेल्या टाक्यांचा दोरा तिच्या खांद्यावरून उचलला.

रविवारी पहिलं भजन सुरू झालं तेव्हा डेल्बर्ट दोन महिन्यांच्या सवयीने बाकावरून उठून मागे आले. कडीकडे गेलेला त्यांचा हात अर्ध्यावर थांबला. रोवीना दाराच्या चौकटीला पाठ न टेकता उभी होती. दार सताड उघडं होतं आणि बाहेरून कापलेल्या गवताचा वास येत होता.

"राहू दे, ब्रदर डेल्बर्ट," ती म्हणाली. "तुम्ही बसा."

ते जाऊन बसले.

उभं राहणं तिला वाटलं होतं त्यापेक्षा कंटाळवाणं होतं. पाय दुखायला लागले. कमरेचं लोखंड अर्ध्या तासात जड झालं. एक गांधीलमाशी आत आली आणि तिसऱ्या रांगेतल्या मिसेस बीडलनी मागे वळून अशा नजरेने पाहिलं, जणू गांधीलमाशीही प्रूइटांनीच पाळलेली आहे. प्रवचन अर्धं कानावर पडलं, अर्धं नाही, कारण ती रस्ता बघत होती. वडिलांबद्दल काही वाटेल असं तिला वाटलं होतं. वाटलं ते एवढंच की अकरा वर्षं त्यांनी एकही प्रवचन पूर्ण ऐकलं नसणार.

अकरा वाजायला पाच मिनिटं असताना एक जुनी गाडी आवारात आली. एक तरुण बाई उतरली. कोंबडीच्या कारखान्यातली रात्रपाळी करून आलेली, पायात अजून पांढरे रबरी बूट, कपाळावर जाळीच्या टोपीचा वळ. खांद्यावर झोपलेलं मूल. रोवीनाने तिला पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. ती पायऱ्यांशी आली आणि थबकली. तिचा एक हात जॅकेटच्या आत होता.

रोवीनाची नजर त्या हातावर गेली आणि तिथेच राहिली. तिचा स्वतःचा डावा हात जॅकेटच्या कडेपाशी आला. काही क्षण दोघी तशाच उभ्या होत्या.

बाईचा हात बाहेर आला. त्यात दुधाची बाटली होती, अंगाशी धरून ऊब ठेवलेली.

"मागच्या दोन रविवारी बंद होतं," ती म्हणाली. "मला वाटलं, उशीर झाला की घेत नाहीत."

"घेतात," रोवीना म्हणाली. तिचा हात खाली आला. "मागचं बाक रिकामं आहे. शेवटचं भजन राहिलंय. मूल रडलं तर रडू दे."

बाई तिच्या बाजूने आत गेली. कारखान्याचा ओला वास आणि दुधाचा वास एकदम आला आणि गेला. आत लोक उठून उभे राहिले, ऑर्गनचे सूर सुरू झाले. रोवीना वळली नाही. तिने दुखणारा पाय बदलला आणि पुन्हा रस्त्याकडे बघत उभी राहिली.